शोकांतिका पाहायला एपिडॉरसला: व्हिसा, अथेन्स आणि 'ओरेस्तिया'ची रात्र

ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या प्राचीन नाट्यगृहात दर उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमधल्या शुक्रवार-शनिवारी रात्री नऊ वाजता, ग्रीक शोकांतिका आजही होतात. मी आणि माझी भाची जुलै 2024 मध्ये तिथे जाऊन प्राचीन ग्रीक कवी एस्किलसची 'ओरेस्तिया', म्हणजे एकाच कथेची सलग तीन नाटकं, पाहून आलो. टूर कंपन्यांच्या सहलीत हे नाटक बसत नाही. त्यांची बस दिवसा येते, मार्गदर्शक मधोमध उभा राहून टाळी वाजवून दाखवतो, फोटो होतात आणि बस निघते. रात्रीचा प्रयोग पाहायचा तर सगळं आपलं आपणच जुळवावं लागतं. ते कसं जुळलं, कुठे अडलं, किती पैसे लागले आणि पाहिलं ते नेमकं काय, हे क्रमाने लिहिते.

मी सांगलीत एका सरकारी बँकेत नोकरी करते आणि बरीच वर्षं हौशी रंगभूमीवर काम करते आहे. आमच्या संस्थेत सोफोक्लीजच्या 'अँटिगनी'चं वाचन सुरू होतं, तेव्हा आमची गाडी कोरसपाशी अडली. राजा काय म्हणतो, अँटिगनी काय म्हणते, हे सगळ्यांना भिडत होतं. पण मधेच गाणारी, नाचणारी, देवांना हाका मारणारी ही पंधरा माणसं आपल्या पडद्याच्या रंगमंचावर करणार काय? कोरस कापून दोन निवेदक करावेत, असं जाणत्या मंडळींचं मत पडलं. माझं मन घेईना. ज्या जागेसाठी आणि ज्या उत्सवासाठी ही नाटकं लिहिली गेली ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी, असं तेव्हापासून वाटत होतं.

एपिडॉरसच्या महोत्सवाचा कार्यक्रम जाहीर झाला आणि 12 जुलैला, शुक्रवारी, ग्रीसच्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेची 'ओरेस्तिया' आहे हे कळलं. दिग्दर्शक थिओडोरोस तेर्झोपूलोस. तिन्ही भाग एकाच रात्री. प्राचीन काळी कवी एकाच दिवशी तीन शोकांतिका आणि त्यांच्यामागून एक सॅटर-नाट्य, म्हणजे थट्टेचं नाटक, सादर करत. अशा सगळ्या संचांपैकी शोकांतिकांचं पूर्ण त्रिक म्हणून आज हातात आहे ते एवढंच. इ.स.पू. 458 मध्ये अथेन्सला त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. मग दुसऱ्या नाटकाचा विचारच केला नाही.

नाटकाची तिकिटं आम्ही व्हिसाच्या आधीच काढली, आणि तुम्हीही तसंच करा असं सांगेन. वरच्या पट्ट्यातली तिकिटं साधारण 20 युरोंना मिळाली. व्हिसा नाकारला गेला असता तर तेवढेच बुडाले असते. उलट फायदा असा झाला की व्हिसाच्या अर्जासोबतच्या पत्रात प्रवासाचं कारण म्हणून ठाम काहीतरी लिहिता आलं: अमुक तारखेचा प्रयोग, ही तिकिटं, त्याआधी अथेन्समध्ये मुक्काम, त्यानंतर परतीचं विमान. 'पर्यटन' एवढंच लिहिण्यापेक्षा हे कितीतरी स्पष्ट.

खरी लांबण लागली ती बँकेच्या ना हरकत प्रमाणपत्राची. सरकारी बँकेत परदेशी जायचं तर शाखेतून अर्ज प्रादेशिक कार्यालयात जातो. सोबत प्रवासाचं कारण, खर्च कोण करणार याचा खुलासा आणि रजेचा अर्ज. अर्ज मार्चमध्ये दिला, एप्रिल सरत आला तरी टेबलावरच होता. आमचे शाखाधिकारी भले गृहस्थ. ते म्हणाले, "मॅडम, मार्चअखेर आहे, आत्ता कोणी हात लावणार नाही. पंधरा तारखेनंतर मी स्वतः फोन करतो." त्यांनी केलाही. तुम्ही सरकारी, निमसरकारी किंवा बँकेच्या नोकरीत असाल तर हा कागद सगळ्यात आधी सुरू करा. बाकीचे कागद आठवड्याभरात जमतात.

ते बाकीचे कागद असे. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत असलेला पासपोर्ट, त्यात दोन कोरी पानं. 35 बाय 45 मिलिमीटरचे फोटो. ते स्टुडिओत 'शेंगेनसाठी' असं सांगूनच काढा (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा तो शेंगेन). 30,000 युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा. बँकेचा खातेउतारा, प्रत्येक पानावर शिक्क्यासकट. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, पगारपत्रकं, विमानाचं आरक्षण, हॉटेलांची आरक्षणं आणि कुठल्या दिवशी कुठे असणार याचा तक्ता. हॉटेलं रद्द करता येतील अशीच घेतली. विमानाचंही पूर्ण पैसे न भरता नुसतं आरक्षण दाखवलं.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. हे आधी माहीत असूनही ना हरकतीपायी आम्हाला मे महिन्यातली भेटीची वेळ घ्यावी लागली, आणि मे महिना म्हणजे सगळ्या महाराष्ट्राची युरोपवारी. मुंबईच्या अर्ज केंद्रातल्या वेळा दिसायच्या आणि पैसे भरेपर्यंत जायच्या. भाची पुण्यात रात्री जागून बसली, तेव्हा कुठे दोघींना लागून वेळा मिळाल्या. मी सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघाले आणि सकाळी मुंबईत उतरून थेट केंद्रावर गेले.

खिडकीवरच्या मुलीने कागद चाळले आणि बोट ठेवलं. "मॅडम, एनओसीवर तुमचा पासपोर्ट नंबर नाहीये."

"नमुना कार्यालयाचाच आहे हो. त्यात तो रकानाच नाही."

"मी घेते अर्ज, पण तसा शेरा मारावा लागेल. नवीन आणून दिलंत तर बरं."

पोटात गोळा आला. भाचीने मात्र तिथल्या तिथे शाखेत फोन लावायला लावला. शाखाधिकाऱ्यांनी पासपोर्ट क्रमांक घातलेलं, शाखेच्या शिक्क्याचं पूरक पत्र ईमेलने पाठवलं. केंद्रातच छपाईची सोय होती, पान मागे काही रुपये घेऊन. ते पत्र जोडून अर्ज गेला. म्हणून सांगते, ना हरकत पत्र हातात येताच त्यावर पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा आणि रजा मंजूर असल्याचा उल्लेख आहे ना, हे तपासून घ्या. बोटांचे ठसे आणि फोटो झाले की तिथलं काम संपतं. तेव्हा व्हिसा शुल्क 80 युरो होतं, म्हणजे 7,200 रुपयांच्या आसपास, शिवाय केंद्राचं सेवाशुल्क. 11 जून 2024 पासून ते 90 युरो झालं आहे.

निर्णयाला नियमाने पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतात. पासपोर्ट दिल्लीला दूतावासात, आणि आपण इथे रोज अर्जाची स्थिती बघत बसायचं. ते दिवस मी वाचनात घातले. तेव्हाच कळलं की अथेन्सच्या कवीलाही आधी सरकारदरबारी अर्जच करावा लागत असे.

उत्सवाचं नाव नागर डायोनिसिया, मद्याचा देव डायोनिसस याचा. आपल्या मार्च-एप्रिलच्या सुमाराचा. ज्याला नाटक करायचं तो कवी आर्कॉन नावाच्या वार्षिक अधिकाऱ्याकडे जाऊन कोरस मागे. आर्कॉन तीन कवींना कोरस 'देई', म्हणजे तिघांचीच निवड होई. मग प्रत्येकाला एक धनिक नागरिक नेमून दिला जाई, त्याला म्हणत कोरेगस. कोरसच्या तालमी, शिक्षक, मुखवटे, कपडे यांचा खर्च त्याने करायचा. ही हौस नव्हे, श्रीमंतांवर शहराने टाकलेली जबाबदारी होती. एस्किलसच्या 'पर्शियन्स'चा, इ.स.पू. 472 मधला, कोरेगस होता पुढे अथेन्सचा मोठा पुढारी झालेला तरुण पेरिक्लीस. परीक्षक दहा, अथेन्सच्या दहा गटांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले, आणि त्यांच्या निकालांतूनही पुन्हा पाच चिठ्ठ्या उचलून बक्षीस ठरे. लाच देणाऱ्याला कोणाला गाठावं हेच कळू नये, याची ही तजवीज. उत्सव उरकल्यावर नाट्यगृहातच नागरिकांची सभा भरे आणि अधिकाऱ्यांनी उत्सव नीट पार पाडला की नाही याची झडती घेतली जाई.

आणि ज्या गोष्टीसाठी मी निघाले होते ती इथेच, कागदावरच, पहिल्यांदा उलगडली. कोरसमधली माणसं व्यावसायिक नट नव्हती. ते अथेन्सचे साधे नागरिक होते, महिनोन्महिने तालीम करून उभे राहिलेले. शोकांतिकेच्या कोरसमध्ये आधी बारा, सोफोक्लीजने पंधरा केले. त्याखेरीज याच उत्सवात दिथिरॅम्ब नावाच्या समूहगानाची स्पर्धा असे: दहा गट, प्रत्येकाचे पन्नास पुरुष आणि पन्नास मुलगे. दरवर्षी हजार माणसं नुसती त्यातच नाचत-गात होती. समोर बसलेल्या प्रेक्षकांत कितीतरी जण असे असणार की ज्यांनी कधी ना कधी स्वतः त्या वर्तुळात पाय टाकला होता. आम्ही ज्यांना निवेदक करून मोकळं होणार होतो ते गावाचेच लोक होते, देवासमोर आपली सेवा रुजू करणारे. मी आमच्या दिग्दर्शकांना लगेच फोन केला. "दादा, कोरस कापायचा नाही."

"बरं बाई, तू आधी जाऊन तर ये. मग बसू."

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पासपोर्ट आले. व्हिसा मिळाला होता, अगदी प्रवासाच्या दिवसांपुरताच. विमानाचं तिकीट मग काढलं, तोवर ते चढलं होतं. मुंबईहून अथेन्सला तेव्हा थेट विमान नव्हतं, आखातात विमान बदलून जावं लागलं. प्रत्येकी 60,000 रुपयांच्या आतबाहेर. अथेन्सच्या विमानतळावरून शहरात सिंताग्मा चौकापर्यंत एक्स-95 ही बस चोवीस तास चालते, 5.50 युरो. मेट्रोला 9 युरो पडतात.

अथेन्समध्ये पहिल्या सकाळी अॅक्रॉपोलिस, देवळांची जुनी टेकडी. जुलैत तिथे चाळीस अंशांच्या जवळ पारा जातो, म्हणून सकाळी आठची वेळ घेतली. तिकीट ऑनलाइन, ठरावीक वेळेचं. तेव्हा 20 युरो होतं, 2025 पासून 30 झालं आहे. बहुतेक लोक पश्चिमेच्या मुख्य दाराने जाऊन थेट वरचं मोठं देऊळ, पार्थेनॉन, गाठतात. नाटकवाल्यांनी आग्नेयेच्या, अॅक्रॉपोली मेट्रो स्थानकाजवळच्या दाराने आत जावं. तिथून पाचच मिनिटांत आपण डायोनिससच्या नाट्यगृहात पोचतो, आणि त्या वेळी तिथे चिटपाखरू नसतं.

एस्किलस, सोफोक्लीज, युरिपिडीज यांची नाटकं पहिल्यांदा झाली ती इथे. आज दिसतं ते दगडी नाट्यगृह त्यांच्या नंतरचं, इ.स.पू. चौथ्या शतकात लायकर्गस या अथेन्सच्या पुढाऱ्याच्या काळात पुरं झालेलं. त्या तिघांच्या वेळी उतारावर लाकडी बाकं होती. ऑर्केस्ट्रातली, म्हणजे कोरस नाचे त्या मोकळ्या जागेतली, संगमरवरी फरसबंदी आणि कोरीव शिल्पांचा मंच त्याहूनही पुढचा, रोमन काळातला. हे थर मनातल्या मनात सोलून काढावे लागतात. मी नकाशा घेऊन तसंच केलं आणि मग दोन गोष्टींपाशी थांबले.

पहिली म्हणजे पुढच्या रांगेतलं मधलं संगमरवरी आसन. पाय सिंहाच्या पंजांचे, पुढे कोरलेली अक्षरं: डायोनिसस एल्युथेरियसच्या पुजाऱ्याची जागा. सेनापती नव्हे, राज्यकर्ता नव्हे, देवाचा पुजारी बरोबर मध्यावर. दुसरी म्हणजे रंगमंचाच्या मागे, दक्षिणेला, गवतात उरलेले देवळांचे पाये. एक जुनं सहाव्या शतकातलं, एक नंतरचं. लोक त्यांच्याकडे बघतही नाहीत. पण सगळ्याचं मूळ तेच. नाट्यगृह हे देवळाच्या आवारात होतं. उत्सवाआधी देवाची लाकडी मूर्ती शहराबाहेर नेऊन मिरवणुकीने परत आणत, जणू देव पुन्हा एल्युथेराय या आपल्या मूळ गावाहून अथेन्सला येतो आहे. मग मोठी मिरवणूक, बैलांचे बळी, मद्य, आणि नाटकं सुरू होण्याआधी डुकराची पिल्लं बळी देऊन जागेची शुद्धी. कोकणात देवळाच्या जत्रेत पालखी फिरून आली की त्याच आवारात रात्री दशावतार उभा राहतो, ते ज्याने पाहिलं आहे त्याला हे फार समजावून सांगावं लागत नाही.

देवासमोर, देवाच्या जत्रेत, आणि तरीही या नाटकांत देवांना जाब विचारलेला आहे. युरिपिडीजच्या 'बॅकाय'मध्ये खुद्द डायोनिसस एका आईच्या हातून तिच्या मुलाचे तुकडे करवतो, आणि ते नाटक त्याच्याच उत्सवात झालं, त्याला पहिलं बक्षीस मिळालं. शिवाय नाटकांच्या आधी युद्धात मेलेल्यांची, शहराने वाढवलेली मुलं वयात आली की चिलखत घालून याच वर्तुळातून चालत जात. त्यानंतर त्याच जागी प्रेक्षक 'ट्रोजन विमेन'सारखं नाटक पाहत, ज्यात जिंकलेल्या सैन्याने विधवा केलेल्या बायका रडतात. भक्ती आणि प्रश्न एकाच जागी मावत होते, याचं मला फार अप्रूप वाटलं. त्या आसनापासून दोरीबाहेर उभी राहून मी बराच वेळ त्या वर्तुळाकडे पाहत होते. भाची पाण्याची बाटली पुढे करत म्हणाली, "मावशी, ऊन चढतंय, वर पण जायचंय ना?"

वर पार्थेनॉन पाहिलाच, पण संध्याकाळी मुद्दाम आरिओपॅगसच्या टेकडीवर चढलो. तिथे तिकीट नाही. जुन्या दगडी पायऱ्या गुळगुळीत झाल्या आहेत, म्हणून बाजूच्या लोखंडी जिन्याने जा. 'ओरेस्तिया'चा शेवटचा भाग याच टेकडीवरच्या न्यायालयाबद्दल आहे, आणि डायोनिससचं नाट्यगृह त्याच अॅक्रॉपोलिसच्या पलीकडच्या उतारावर. प्रेक्षकांना नाटकातली जागा रोजच्या ये-जा करण्यातली होती.

प्लाका भागात लिसिक्राटीसचं स्मारक आहे, इ.स.पू. 335-334 चं. मुलांच्या समूहगानात जिंकलेल्या कोरेगसने बक्षिसाची तिवई मिरवायला बांधलेलं. रस्त्याला अजूनही तिवयांचाच रस्ता म्हणतात. पाहायला काही लागत नाही, दहा मिनिटं पुरतात.

अथेन्सहून एपिडॉरसला दोन मार्ग. प्रयोगाच्या दिवशी केटेल या बससंस्थेची खास गाडी किफिसोस बसस्थानकातून निघते आणि नाटक संपल्यावर परत आणते. पण अथेन्सला पोचायला पहाट होते. आम्ही आदल्या दिवशी नाफ्प्लियो या गावी मुक्कामाला गेलो. समुद्रकाठचं सुंदर गाव, आधुनिक ग्रीसची पहिली राजधानी. तिथूनही प्रयोगाची बस सुटते. किफिसोसला मेट्रो जात नाही, ओमोनियाजवळून 051 क्रमांकाची बस पकडावी लागते. तिकीट खिडकीवर इंग्रजी चालतं, फक्त 'एपिडॉरसचं नाट्यगृह' असं स्पष्ट सांगा, कारण त्याच नावाचं समुद्रकाठचं गावही आहे, आणि तिथे एक छोटं प्राचीन नाट्यगृहसुद्धा आहे. मध्ये बस कोरिंथच्या कालव्याजवळ थांबते.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी मायसीनीला जाऊन आलो, 'ओरेस्तिया'तल्या राजाची, अॅगमेम्नॉनची, म्हणून सांगितली जाणारी नगरी. एस्किलसने नाटक आर्गॉसमध्ये ठेवलं आहे, पण सिंहद्वारातून वर चढून समोरचं मैदान आणि डोंगर पाहिले की ट्रॉय पडल्याची खबर देणारा जाळ कुठल्या दिशेने दिसला असेल, याचा अंदाज डोळ्यांना येतो. दुपारी परत येऊन झोपून घेतलं. हे कराच.

पाचच्या बसने एपिडॉरस. आधी अॅस्क्लिपियसचं देवस्थान पाहिलं. हा वैद्यकीचा देव. आजारी माणसं इथे येत, स्नान-बळी करून एका लांब दालनात झोपत आणि स्वप्नात देव येऊन उपचार सांगेल अशी वाट पाहत. नाट्यगृह त्या देवस्थानाचाच भाग, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरचं. हाच देव इ.स.पू. 420 मध्ये अथेन्सला आला, तेव्हा त्याचं देऊळ डायोनिससच्या नाट्यगृहाला लागून बांधलं, आणि देवाला आपल्या घरी उतरवून घेणाऱ्यांत सोफोक्लीज होता अशी परंपरा आहे. अथेन्समध्ये त्या देवळाचे खांब पाहिले होते, इथे त्याचं मूळ ठिकाण. दोन्हीकडे नाटक आणि आरोग्याचा देव शेजारी शेजारी.

आता बसण्याबद्दल. एकूण 55 रांगा: खालच्या 34 मूळच्या, वरच्या 21 नंतर जोडलेल्या. चुनखडीचा दगड, पाठ टेकायला काही नाही, आणि दिवसभराचं ऊन त्यात मुरलेलं. आम्ही जाड शाली घडी करून नेल्या होत्या, त्या उपयोगी पडल्या. उंच टाचांच्या चपला चालत नाहीत. पाण्याशिवाय खाणं-पिणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून बाहेरच पोटभर खाऊन घ्या. उशिरा आलात तर प्रवेश नाही. वरच्या पट्ट्याला नाक मुरडू नका. तिथून ऑर्केस्ट्राचं पूर्ण वर्तुळ आणि कोरसच्या रचना दिसतात, खालच्या महागड्या जागांवरून त्या आडव्या होतात. आवाजाच्या आख्यायिका पुष्कळ आहेत. वर बसून नाणं पडलेलं ऐकू येतं वगैरे. 2017 मध्ये नेदरलँड्सच्या आइंदहोवनमधल्या संशोधकांनी मोजमाप करून ते फेटाळलं. माझा अनुभव असा की कुजबुज येत नाही, पण तयार नटाचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कुठल्याही यंत्राशिवाय स्वच्छ येतो. बाजूला ग्रीक आणि इंग्रजी अक्षरपट्ट्या असतात. तरी नाटक आधी पूर्ण वाचून जा, नाहीतर मान पट्टीकडेच वळलेली राहते.

नाटक सुरू होताना उजेड नुकता मावळत होता. अथेन्समध्ये ही नाटकं सकाळी होत, म्हणजे छपरावरच्या पहारेकऱ्याला दिसलेला जाळ त्यांना उजाडताना दिसला असेल, आम्हाला अंधार पडताना. दहा वर्षांचं युद्ध जिंकून राजा परत येतो. निघताना वारा मिळावा म्हणून त्याने स्वतःच्या मुलीचा बळी दिलेला. राणी ते विसरलेली नाही. ती त्याच्यासाठी किमती, रक्तासारखी लाल वस्त्रं अंथरते, त्यांवरून चालायला लावते आणि आत नेऊन मारते.

कोरस म्हणजे गावातले म्हातारे, युद्धाला जायच्या वयाचे नसलेले. ते मुलीच्या बळीची आठवण काढतात, झ्यूसला हाक मारतात, झोपेतही दुःख काळजावर थेंबथेंब गळत राहतं आणि माणूस नको असताना शहाणा होतो असं गातात. वाचताना ही मला सुंदर कविता वाटली होती. तिथे ती कविता राहिली नाही. इतक्या शरीरांनी एकत्र श्वास घेतला की त्याचा आवाज वरपर्यंत येतो, आणि आपला श्वास नकळत त्यांच्या लयीत जातो. मग आतून राजाची किंकाळी येते. बारा म्हातारे बारा मतं देतात: लोकांना बोलवा, आत घुसा, थांबा, आधी खात्री करा. आणि आत कोणीच जात नाही. वाचनात हा भाग मला लांबलेला वाटला होता. तिथे हजारो माणसं गप्प बसून हेच करत होती. सगळ्यांनी किंकाळी ऐकली होती आणि सगळे जागेवर होते. माझ्या अंगावर काटा आला. दार उघडून प्रेतं समोर येतात तेव्हा राणी जाब देते तो त्या म्हाताऱ्यांना, आणि त्यांच्या मागे अर्धवर्तुळात बसलेल्या आपल्यालाही.

त्याआधीचा कॅसान्ड्राचा प्रवेश. राजाने ट्रॉयहून बंदी करून आणलेली ही भविष्य जाणणारी. तिला सगळं दिसतं आहे, कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ती स्वतःच्या पायांनी त्या दारातून आत जाते. भाचीने माझा हात घट्ट धरला होता.

मधल्या भागात राजाचा मुलगा ओरेस्टीस बापाच्या सुडापायी आईला मारतो. शेवटच्या भागात त्याच्या मागे सूडदेवता लागतात. इथे कोरस म्हणजे त्याच. अथेन्सची देवी अथीना न्यायालय नेमते, मतं समसमान पडतात, तो सुटतो. पण एस्किलस तिथे थांबत नाही. हरलेल्या, संतापलेल्या या देवतांना हाकलून न देता अथीना विनवण्या करून करून शहरातच जागा देते: जमिनीखाली राहा, मान घ्या, शहराला आशीर्वाद द्या. त्यांना लाल वस्त्रं पांघरतात, मशाली पेटतात आणि सगळे मिरवणुकीने निघतात. आरिओपॅगसच्या पायथ्याशी या देवतांचं ठाणं खरोखर होतं, अथेन्सचे लोक तिथे पूजा करत. म्हणजे नाटकाचा शेवट थेट त्यांच्या चालू पूजेत जाऊन मिळत होता. पहिल्या भागात पायांखाली आलेला लाल रंग इथे सन्मानाने खांद्यावर येतो. एवढा लांबचा धागा, आणि तो दिसायला तिन्ही भाग एका बैठकीत पाहावे लागतात.

संपलं तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. टाळ्या थांबत नव्हत्या. आमची बस सगळे प्रेक्षक आल्यावरच सुटली. मोबाइलची बॅटरी राखून ठेवा, वाहनतळाकडे जाताना अंधार असतो. पायऱ्या उतरताना माझे गुडघे बोलत होते. वय झालेल्यांनी तिकीट काढताना जिन्यालगतची जागा मागावी.

खर्चाचा ढोबळ अंदाज: विमान, व्हिसा, विमा, मुक्काम, बस, प्रवेश आणि जेवण मिळून माझे 1,60,000 रुपयांच्या आसपास गेले. मुक्काम दोघींत वाटून. त्या मानाने नाटकाचं तिकीट अगदीच स्वस्त. आमची 'अँटिगनी' आता पंधरा जणांच्या कोरससकट तालमीत आहे. त्यातले निम्मे याआधी कधी रंगमंचावर उभे राहिलेले नाहीत, आणि दादांना ते आता पटलेलं आहे.

बोटांचे ठसे 59 महिने चालतात, म्हणजे पुढच्या शेंगेन अर्जाला ते पुन्हा घेतीलच असं नाही. पुढचा बेत सिसिलीतल्या सिराक्यूजचा आहे. तिथल्या ग्रीक नाट्यगृहात 1914 मध्ये 'अॅगमेम्नॉन'ने आधुनिक प्रयोगांची सुरुवात झाली, आणि त्यांचा हंगाम मे महिन्यापासून असतो. म्हणजे ना हरकतीचा अर्ज या वेळी दिवाळीनंतर लगेच टाकायचा.